कोर्लईचा कैसर कोण?

मुंबईचा आर्चबिशप कोण व्हावा, यात पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षाचा शब्द लागत असे, आणि तोही १९५० च्या जुलैपर्यंत. ब्रिटिश जाऊन तीन वर्षे होत आली होती. संविधान लागू होऊन सहा महिने होत आले होते. तरीही लिस्बनमधल्या सरकारचा हा हक्क कागदोपत्री शाबूत होता. १९२८ साली पोप आणि पोर्तुगाल यांच्यात ठरले होते की मुंबईच्या गादीवर एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश आर्चबिशप बसेल. त्याप्रमाणे आधी जोआकिम लिमा आले, मग १९३७ साली थॉमस रॉबर्ट्स. भारतीय ख्रिस्ती माणसाची पाळी त्या करारात नव्हतीच.

एका परक्या सरकारचा हात इतकी वर्षे इथे कसा राहिला, हे समजून घ्यायचे तर मुंबईहून दक्षिणेला, चौलला यावे. अलिबागकडून मुरुडच्या वाटेवर आधी चौल लागते, मग रेवदंडा. रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा उंच मनोरा दिसतो. गावकरी त्याला सातखणी म्हणतात. पुढे कुंडलिकेची खाडी. पूल ओलांडला की समोर समुद्रात घुसलेला लांबट डोंगर, त्याच्यावर कोर्लईचा किल्ला आणि पायथ्याशी कोर्लई गाव. या गावातला ख्रिस्ती समाज घरात आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली बोलतो. बोलणारे हजाराच्या आसपास, बहुतेक शेतकरी. त्यांच्या पूर्वजांवर राज्य करणारा पोर्तुगीज राजा १७४० सालीच इथून गेला.

‘राजा गेला की प्रजेने काय करायचे?’ हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. चौलच्या किनाऱ्यावर तो जितक्या वेळा आणि जितक्या तऱ्हांनी विचारला गेला, तितका फार थोड्या ठिकाणी विचारला गेला असेल.

आधी शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात. येशूला अडकवण्यासाठी लोकांनी विचारले, कैसराला कर द्यावा की नाही? त्याने नाणे मागितले, वर कुणाचे चित्र आहे ते विचारले, आणि ज्याचे चित्र त्याचे त्याला द्या, देवाचे देवाला द्या, अशा अर्थाचे उत्तर दिले. पुढे पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या तेराव्या अध्यायात तो सांगतो की सत्ता देवाच्या व्यवस्थेतली आहे, तिचे ऐका, कर द्या, मान द्या. हे पत्र साधारण इसवी सन ५७ चे. त्या वेळी रोमच्या तख्तावर नीरो होता! ज्या राज्यकर्त्याचे नाव पुढे ख्रिस्ती छळाशी कायमचे जोडले गेले, त्याच्याच काळात हा माणूस आज्ञापालनाचा उपदेश करतो आहे. पण त्याच नव्या करारात दुसरे टोकही आहे. यरुशलेमच्या अधिकाऱ्यांनी उपदेश बंद करायला सांगितल्यावर पेत्र उत्तर देतो की माणसांपेक्षा देवाचे ऐकणे आम्हाला भाग आहे. दोनशे वर्षांच्या आतच, इसवी सन १९७ च्या सुमारास, कार्थेजचा तर्तुल्यन रोमन अधिकाऱ्यांना समजावत होता: आम्ही सम्राटाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करतो, त्याला देव मात्र म्हणणार नाही.

कर, मान आणि प्रार्थना द्यायची, पूजा नाही. मांडणी स्वच्छ आहे. फक्त एक गोष्ट शास्त्राने उघडी ठेवली: कैसर नेमका कोणता? पौलाच्या वाचकांना हा प्रश्न विचारायची गरज नव्हती, रोम एकच होते. चौलकरांना ती चैन नव्हती.

चौलला परधर्मी राज्यात राहण्याची सवय ख्रिस्ती लोक येण्याच्या कितीतरी आधीची. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी मसुदी इथे आला, तेव्हा बंदराचे नाव त्याच्या लेखी सैमूर होते आणि राजा होता शिलाहार झंझ. मसुदी लिहितो की इथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहतात. काही इथेच जन्मलेले, काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, आणि त्याला नेमत असे हिंदू राजा. म्हणजे धर्म प्रजेचा, नेमणूक राजाची. हा धागा लक्षात ठेवावा, कारण पुढे पोर्तुगीजांनी तो वेगळ्याच तऱ्हेने ओढला.

मग १४७० च्या आसपास एक एकटा ख्रिस्ती माणूस घोडा घेऊन चौलला उतरला. अफानासी निकितिन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. घोड्यांना इथे चांगली किंमत येते असे ऐकून आलेला. बहामनी राज्यात तो जुन्नरपर्यंत पोचला आणि तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही हे कळल्यावर खानाने सौदा मांडला: आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, नाही आलास तर घोडा गेला आणि हजार मोहरा तुझ्याकडूनच घेईन. मुदत चार दिवसांची. निकितिन राज्याचे कायदे पाळत होता, जकात भरत होता, मुसलमानी नाव लावून हिंडत होता. इथे मात्र त्याची हद्द आली. त्याला सोडवले ते एका खुरासानी मुसलमान अधिकाऱ्याने, खानाकडे रदबदली करून. निकितिनने हा चमत्कारच मानला. पुढे त्याला ईस्टर कधी येतो याचाही हिशेब राहिला नाही. उपास धरायचे तर आसपासचे मुसलमान धरत तेव्हाच तोही धरी. आपल्या प्रवासवर्णनात तो याबद्दल इतक्या वेळा हळहळतो की वाचणाऱ्याला त्याची दया येते. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे.

निकितिनमागे ना फौज होती ना राजा, म्हणून त्याचा प्रश्न सरळ होता. त्याच्यानंतर आलेल्या ख्रिस्ती लोकांजवळ दोन्ही होते, आणि गुंता तिथेच सुरू झाला.

१५०८ साली चौलच्या समुद्रात इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा इथेच मेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. १५१६ साली वखार आली, १५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीने किल्ल्याचे काम सुरू झाले. वसई त्यांच्या हाती यायला अजून तेरा वर्षे होती. मग दोन चौल झाली: खाडीकाठचे पोर्तुगीज चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, आणि आत निजामशाही चौल. पोर्तुगीज चौलात फ्रान्सिस्कन आले, डॉमिनिकन आले, जेझुइट आणि ऑगस्टिनियनही आले. या सगळ्यांमागे एक विलक्षण व्यवस्था होती, तिचे नाव पाद्रोआदो.

पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पोपनी पोर्तुगालच्या राजाला एकामागून एक अधिकार दिले. समुद्रापलीकडे चर्च बांधण्याचा, पाद्र्यांना पोसण्याचा खर्च राजाने उचलायचा. बदल्यात बिशप कोण व्हावा हे त्याने सुचवायचे. गोव्याचा आर्चबिशप राजाच्या शिफारशीशिवाय होत नसे, आणि चौलच्या चर्चचा पाद्री त्या आर्चबिशपच्या हाताखाली. म्हणजे इथल्या ख्रिस्ती माणसाच्या लेखी देवाचे आणि कैसराचे असे दोन हिशेब उरलेच नाहीत. वही एक, सही एक. कैसरानेच चर्च बांधले असेल, तर कैसराला नको कसे म्हणायचे? माझ्या मते पाद्रोआदोचा सगळ्यात मोठा दोष हा. इन्क्विझिशनची क्रूरता आपल्याला चटकन दिसते, ती १५६० पासून गोव्यात होतीच. पण सत्तेपासून चार पावले लांब उभे राहण्याची जागाच चर्चने घालवली, ही इजा जास्त काळ टिकली.

त्याची किंमत दूर जपानमध्ये एका वसईकराने मोजली. गोन्सालो गार्सिया, वडील पोर्तुगीज, आई वसईची. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत टोयोटोमी हिदेयोशीच्या हुकमाने त्याला क्रुसावर चढवले. आदल्या वर्षी किनाऱ्याला लागलेल्या एका स्पॅनिश जहाजावरून संशय बळावला होता की हे धर्मोपदेशक परक्या राजाची आघाडीची फळी आहेत. गार्सिया स्वतः फ्रान्सिस्कन मठातला साधा सेवक. पण ज्या व्यवस्थेत मिशन आणि मुकुट एकमेकांत विणलेले होते, तिथे संशय घेणाऱ्याला दोष तरी किती द्यायचा? १८६२ साली तो संत झाला.

आता कोर्लई. खाडीच्या तोंडावरच्या या डोंगरावर निजामशाहीने किल्ला उभारायला घेतला, आणि १५९४ साली पोर्तुगीजांनी तो घेतला. पोर्तुगीज बखरींत असे येते की निजामशाही सरदार फर्हादखान बायको-मुलीसह कैद झाला. बायको खंडणी देऊन सुटली, खान आणि मुलगी ख्रिस्ती होऊन पोर्तुगालला गेले. नवा धर्म आणि नवा राजा, दोन्ही एकाच वेळी. किल्ल्याच्या एका दरवाजावर लढल्याशिवाय इथे प्रवेश नाही अशा अर्थाचा लेख कोरला गेला. पायथ्याशी वसले ते शिपाई, त्यांच्या इथल्या बायका, चाकर, बाटलेले कष्टकरी. (१५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे तख्तच स्पेनच्या राजाकडे होते. कोर्लईच्या शेतकऱ्याला ते कळले तरी असेल का, मला शंका आहे.)

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. चौल आणि कोर्लईभोवतीही मराठ्यांचा फास आवळला, सुभानराव माणकर इथे लढत होते. पोर्तुगीजांनी चौल इंग्रजांना देऊ केले, इंग्रजांनी घेतले नाही. मात्र मध्यस्थीला कॅप्टन इंचबर्ड पाठवला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, बदल्यात मराठ्यांनी गोव्यातल्या साष्टीतून पाय काढला. किल्ल्यावरचा सान फ्रान्सिस्को बुरूज गणेश बुरूज झाला. आज वर गेलात तर छप्पर उडालेले चर्च आणि महादेवाचे देऊळ एकाच तटात, हाकेच्या अंतरावर दिसतात.

अधिकारी आणि श्रीमंत गोव्याला निघून गेले. ज्यांच्याजवळ जहाजाचे भाडे नव्हते किंवा ज्यांची शेती इथे होती ते राहिले. आता कैसर होता पेशवा.

या क्षणी पौलाच्या तेराव्या अध्यायाला अनपेक्षित धार येते. त्या पत्रात सत्तेचे नाव नाही, वंश नाही, धर्म तर नाहीच; लिहिले तेव्हा सत्ता मूर्तिपूजक रोमनांचीच होती. कोर्लईकराला साताऱ्याच्या छत्रपतीला सारा भरायला शास्त्राची काहीच हरकत नव्हती. उलट तोच त्याचा धर्म होता. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा लिहून दिली गेली होती. मुंबईजवळच्या साष्टीतून आणि वसईतून युरोपीय पाद्री गेले, त्यांच्या जागी गोव्याचे देशी पाद्री आले, आणि ते मराठी मुलखात राहून गोव्याच्या आर्चबिशपचा हुकूम मानत राहिले. हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या राज्याशी मराठे नुकतेच लढले होते, त्या राज्याच्या राजाने सुचवलेल्या आर्चबिशपचे पाद्री मराठ्यांच्या राज्यात मिस्सा म्हणत होते, आणि मराठ्यांनी ते चालू दिले. याला सहिष्णुता म्हणा किंवा व्यवहार. मला तो मुख्यतः व्यवहार वाटतो. सारा वेळेवर येतो, बंड होत नाही, मग पाद्री कुठला याची चौकशी कशाला करा?

इंग्रजांना मात्र ही चौकशी करावीशी वाटली. मुंबई त्यांना इंग्रज राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या लग्नाच्या १६६१ च्या करारात मिळाली होती, आणि तिथल्या कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याचे वचन त्यातच होते. पण १७२० साली गव्हर्नर चार्ल्स बून यांनी गोव्याच्या पाद्र्यांना बेटाबाहेर काढले. त्यांच्या जागी इटालियन कार्मेलाइट बिशपला बोलावले, जो थेट रोमच्या हाताखाली होता, लिस्बनच्या नाही. त्याचा हुद्दा काय, तर ‘थोर मोगला’च्या मुलखाचा व्हिकर अपोस्टोलिक! इंग्रज राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्याच्याकडून घेतली गेली. पुढे गोव्यानेही हक्क सोडला नाही, आणि १७९४ पासून मुंबईत दोन कॅथलिक अधिकार शेजारी शेजारी नांदू लागले. एकाच गल्लीतली दोन घरे दोन वेगळ्या बिशपना मानत. १८८६ साली पाद्रोआदोच्या बाजूला दमणचा नवा धर्मप्रांत झाला. हा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत चालला. तो मिटवण्याची किंमत म्हणजेच पोर्तुगालला दिलेला तो आळीपाळीचा हक्क. १८ जुलै १९५० च्या कराराने पोर्तुगालने तो सोडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. चौलहून पोर्तुगीज निशाण उतरले त्यानंतर दोनशे दहा वर्षांनी त्या राज्याचा इथल्या आर्चबिशपच्या नेमणुकीतला शब्द थांबला. फौज एका पावसाळ्यात जाते, करार पिढ्या काढतो.

मधल्या काळात निष्ठेचा सवाल समाजाने स्वतःच हातात घेतला. मुंबई, साष्टी, वसईच्या जुन्या ख्रिस्ती लोकांना सरकार दरबारी ‘पोर्तुगीज’ म्हणत. गोव्याहून, मंगळूरहून नोकरीला आलेल्यांनाही तेच नाव. मग १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या मूळ रहिवाशांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी प्रजा आहोत, सरकारी नोकऱ्यांवर आमचा हक्क आधी, असा त्याचा रोख. राज्यकर्त्या कंपनीचे नाव स्वतःला लावून घेणारा समाज जगात दुसरा असेल तर मला माहीत नाही. कंपनीचे राज्य संपून तेव्हा तीस वर्षे होत आली होती!

याच समाजातून काका बॅप्टिस्टा निघाले. माझगावच्या माथारपाखाडीतले जोसेफ बॅप्टिस्टा, बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे वकील आणि सहकारी. १९१६ साली बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष टिळक नव्हते, बॅप्टिस्टा होते. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. ज्या समाजाने राजनिष्ठा नावातच कोरली होती, त्याच्या घरातला माणूस कायद्याच्या चौकटीत उभा राहून स्वराज्य मागत होता. पौलाशी यात काही विरोध आहे असे मला वाटत नाही. सत्ता माना असे पौल सांगतो. सत्ता बदलूच नका असे तो कुठेही म्हणत नाही.

कॅथलिक प्रार्थनेतही हा बदल बारीक अक्षरांत उतरलेला सापडतो. उत्तम शुक्रवारच्या विधीत एकामागून एक गंभीर प्रार्थना होतात: चर्चसाठी, पोपसाठी, दुःखितांसाठी. जुन्या पोथीत त्यांतली एक युरोपातल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटासाठी होती, नाव घेऊन. १८०६ साली ते साम्राज्यच बुडाले. घ्यायला नाव उरले नाही. तरी प्रार्थना कित्येक दशके पोथीत छापली जात राहिली आणि म्हणताना वगळली जात राहिली. १९५५ च्या सुधारणेत अखेर ती बदलली, आणि राज्यकारभार पाहणाऱ्या सर्वांसाठी अशी झाली. आताच्या क्रमात ती दहांपैकी नववी. नावाची रिकामी जागा गेली, म्हणून आता ती कोर्लईतही म्हणता येते आणि लिस्बनमध्येही.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तर कर्तव्यांची यादीच आहे. कर भरणे, देशाचे रक्षण करणे आणि मत देणे, तिन्ही नैतिकदृष्ट्या बंधनकारक. थोडे पुढे गेले की हेही आहे की सरकारचा हुकूम सदसद्विवेकाविरुद्ध असेल तर तो न पाळणे बंधनकारक. निकितिनची हद्द तिथे जशीच्या तशी आहे. नवी भर आहे ती मतदानाची. पौलाने ज्यांना लिहिले त्यांना मत नव्हते. सत्ता वरून येई, ती सोसायची किंवा तिच्यासाठी प्रार्थना करायची, एवढेच हातात होते. कोर्लईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला लिस्बनने कधी मत विचारले नाही, निजामशाहीने नाही, पेशव्याने नाही, कंपनीने तर नाहीच. सरसकट सगळ्या प्रौढ बायाबाप्यांना ते पहिल्यांदा विचारले गेले १९५१-५२ च्या निवडणुकीत.